शेरा

माझं पद व्रणोपचारक.
गावात म्हणतात पट्टीवाला.
पशुवैद्यकीय दवाखाना, श्रेणी दोन, सावंगी.
डॉक्टरांची जागा पावणेदोन वर्षं रिकामी,
चार्जचे साहेब मंगळवारी येतात,
बाकीचे दिवस बैल, बकऱ्या, कोंबड्या
आणि मी.

त्या दिवशी बुधवार होता.
वामन काळमेघनं स्कुटीवरून टमाट्याचं क्रेट उतरवलं,
क्रेटात ओल्या दुपट्ट्यावर पग.
नाव सुपारी. काळं तोंड,
कपाळावर नांगरटीसारख्या वळ्या.
"माजावर आली हे, पट्टीवाले. नर बी भेटला, बडनेऱ्याचा.
सहा पिल्लं धरा. आठ हजारानं धरा."
त्यानं बोटांवर धरलं.
अठ्ठेचाळीस हजार.
सावलीत पारा पंचेचाळीस.

मी तिचं नाक पाहिलं.
ज्वारीचा दाणा अडकंल एवढ्या नाकपुड्या.
म्हटलं, आता घरी न्या, पंख्याखाली ठेवा,
उद्या उजाडताच आणा.
फाटकापासून बोरिंगपर्यंत चालवू.
साठ पावलं.

बाविसाव्या पावलावर ती बसली.
पहाटेच्या गारव्यात.
घशात कोणी बारीक आरी चालवावी तसा आवाज.
"घोरते जी ते. जातच तशी. पोट्टे व्हिडिओ काढतात."
घोरत नाही, वामनभाऊ.
मागते.

आणि नर कोणाचा?
"त्याच माणसाचा, जिथून हे आणली."
त्याच वेताचा?
"असंल. फोटोत तं सेम दिसते."

पोरीच्या सोयरिकीला आपण देवक विचारतो,
मामेकूळ विचारतो,
तिकडच्या एसटीच्या कंडक्टरला गाठून
घरात कोणाला दमा आहे का तेही विचारतो.
गाईला कांडी भरली तरी मी लिहितो
वळूचा नंबर, तारीख, कितवं वेत.
हिच्याबाबतीत विचारला फक्त भाव.

मला धांडे मास्तरांची कुत्री आठवली, मागल्या मे महिन्यातली.
पिल्लांची डोकी मोठी, आईची वाट अरुंद.
रात्री दोनला अमरावतीच्या रस्त्यावर
पहिलं पिल्लू गाडीतच आलं,
चपट्या तोंडानं तिला पडदा फाडता येईना.
मी नखानं फाडला.
बाकीची चार पोट फाडून काढली.
पाचांतली तीन रडली.
हे मी वामनला सांगितलं नाही.
फक्त म्हटलं, बावीस.

"म्हंजे काय, पैदासच करू नये मानसानं?"
करा न. काहून नाही.
पण मादी अशी पाहा, जी झोपेतून श्वासासाठी उठून बसत नाही.
नर नात्याबाहेरचा, आणि ज्याला नाक म्हणावं असं नाक आहे.
वेत थंडीत पडावं.
पिल्लू मागायला येईल त्याला आधी विचारा,
लाइन गेली की दुपारी घरी कोण असते.
पैशाचं मग.
"आन् सुपारी?"
सुपारी नको.

स्कुटी गेली.
धूळ बराच वेळ बसली नाही.

दिवाळी झाल्यावर त्याची पोरगी आली, प्रांजली,
सायकलच्या टोपलीत सुपारी.
नागपूरला नेली होती, म्हणाली, बाबांनीच.
एकाच भुलीत दोन्ही कामं केली:
पिशवी काढली, नाकपुड्या मोकळ्या केल्या.
बिस्किटं बंद, दीड किलो उतरली.
टाके पाहता का?

टाके सुकले होते.
पोरीनं न सांगता तिला फाटकाशी नेलं.
आम्ही मागून मोजत निघालो.
एकवीस. बावीस. तेवीस.
एकेचाळीसला सुपारी थांबली.
आमचं मोजणंही.
ती मान खाली घालून
शेळीच्या लेंड्या हुंगत होती,
एकेक, सावकाश,
पेपर वाचल्यासारखी.

आमच्या रजिस्टरात कुत्र्याला रकाना नाही.
मी म्हशींच्या पानावर शेऱ्यात लिहिलं:
साठ पूर्ण.
मध्ये एकदा थांबली. वासासाठी.